मोहरीची वाट

आमची आई गोष्ट सांगायला बसली, की आधी गावाला आटपाट करून टाकायची. माझं गाव तेवढं लांबचं नाही. जुन्नर तालुक्यातलं पिंपरी पेंढार. आळेफाट्यावर उतरलं की जीप मिळते. तर या गावाच्या मळ्यात एक चिमाबाई राहत होती. ती मी. चिमाबाईला एक मुलगा, बाळासाहेब. बाळासाहेबाला एक बायको, नूतन. आणि त्या दोघांना एक पोर, श्रेया. पोर जन्मली त्याच दिवशी नूतन गेली. म्हणजे गोष्ट सुरू व्हायच्या आधीच ती संपलेली आहे, आणि तरी गोष्ट तिचीच आहे. दिवा जरा जवळ सरकवा. सांगते.

माघ सरत आला होता. श्रेयाला नववा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. जावई सूरज पुण्यात नोकरीला. त्यानं तिला फाट्यापर्यंत आणून सोडलं आणि मी बाळासाहेबाच्या पिकअपमधून तिला घ्यायला गेले. तिची पिशवी उचलली तर हात खांद्यातनं निखळतोय असं वाटलं.

"यात काय दगडं भरल्यात का गं?"

"दगडंच आहेत आज्जी," ती हसली. "कागदावरची."

पोर शिकते तरी कशावर, हे गावाला समजावण्यात माझी दोन वर्षं गेली. समुद्रापल्याड मेक्सिको म्हणून मुलूख आहे. तिथं पाच-सहाशे वर्षांमागं अझ्टेक नावाचे लोक होते. दगडात मूर्ती घडवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमची श्रेया त्या मूर्तींवर पीएचडी करत होती. तिकडं राहून, संग्रहालयात बसून, एकेक मूर्ती मापून आणि चितारून आली होती. माझे दीर गेणभाऊ, वय पंच्याऐंशी, दिवसभर आमच्याच ओट्यावर असतात. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, की मेलेल्या लोकांचे देव मापून पोरीला मिळतं काय. श्रेयानं सांगितलं, की आपल्याकडचा झेंडू त्याच मुलखातनं आला, मका, मिरची, टोमॅटोसुद्धा. गेणभाऊ बराच वेळ तंबाखू मळत बसले. मंग म्हणाले, "आन् आमच्या खंडोबाला आदी काय काटं वाहत व्हते?"

आम्ही सगळे हसलो. त्यानंतर बरेच दिवस त्या घरात कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मधल्या खोलीत भिंतीला पाच मोठे कागद चिकटवले. पाच बाया, काळ्या दगडाच्या, तिनंच पेन्सिलीनं काढलेल्या. पाचीजणी गुडघे मोडून बसलेल्या. तोंडाला मांस नाही, नुसती कवटी आणि दात. दोन्ही हात छातीपुढं उचललेले, बोटं आत वळलेली, नखं ही एवढाली. प्रत्येकीच्या डोक्यावर एक खूण. पोटुश्या बाईच्या उशाला असली चित्रं! मी म्हणलं, काढ ते आधी. ती म्हणाली, "आज्जी, बाळ यायच्या आत मला यांच्यावरचं लिखाण संपवायचंय. या कोण आहेत माहितीय? बाळंतपणात गेलेल्या बाया."

माझ्या हातात सूप होतं. ते तसंच राहिलं.

ती सांगत होती आणि मी दाराला टेकून ऐकत होते. तिकडं अशा बाईला लढाईत पडलेल्या शिपायाचा मान. सकाळचा सूर्य मेलेले शिपाई वर चढवतात. माथ्यावर आला की या बाया तो आपल्या हातात घेतात आणि मावळतीला नेऊन पोचवतात. वर्षातले ठरावीक पाच दिवस त्या खाली उतरतात, जिथं वाटा एकमेकींना मिळतात तिथं. लोक त्यांना भीत, त्या दिवशी लेकरांना बाहेर सोडत नसत. पण त्याच ठिकाणी त्यांच्यासाठी फुलपाखरासारख्या भाकरीही ठेवत. "भीतही होते आणि जेवायलाही घालत होते," श्रेया म्हणाली. मंग कागदाकडंच बघत तिनं हळूच विचारलं, "आपण आईसाठी काय केलं होतं गं?"

"समदं रीतीनं केलं," मी म्हणलं, आणि सूप घेऊन बाहेर आले.

आता तुम्हाला सांगते, रीतीनं काय केलं ते. तिला नव्हतं सांगितलं.

एकोणतीस वर्षं झाली. दसरा होऊन गेला होता. नूतन याच मधल्या खोलीत बाळंत झाली. गाडीघोडा मिळेपर्यंत दुपार झाली होती आणि तिचं अंगावरचं जाणं काही थांबेना. पोर माझ्या हातात होती, रक्तामासानं माखलेली. नूतन म्हणाली, "आत्याबाई, मला दाखवा की." मी म्हणलं, "आदी न्हाऊ घालू दे. पळून चाललीय का ती?" थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पाणी विसणत होते. पोरीला पुसून, गुंडाळून आत घेऊन गेले, तर तिचे डोळे दाराकडं उघडे होते आणि त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी पुरुष माणसं तिला अग्नी देऊन ओढ्यावरनं माघारी आली. गेणभाऊ म्हणाले, बाळंतपणात गेलेली बाई लेकरासाठी फिरून येते. वाटेवर मोहरी टाकली पाहिजे. एकेक दाणा वेचल्याशिवाय तिला पुढचं पाऊल उचलता येत नाही, वेचता वेचता उजाडतं आणि तिला माघारी जावं लागतं. मोहरी टाकतात ती भाजून. पण मेलेल्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. मी फडताळातनं पितळेचं मापटं काढलं आणि मापटंभर मोहरी कच्चीच ओढ्यापासून बांधाबांधानं उंबऱ्यापर्यंत टाकत आले. मापटं पालथं घालून फडताळात ठेवलं. पुन्हा त्याला हात लावला नाही.

भुईत ओल होती. दिवाळीला बांधावर हिरवी रेघ उठली. पौषात ती पिवळी झाली, ओढ्यापासून थेट आमच्या दारापर्यंत. शिवरात्रीला शेंगा तडकल्या. एका दाण्याचे शंभर झाले. बाळासाहेबानं खुरपून बघितलं, पेटवून बघितलं, एकदा औषध मारलं. पुढच्या वर्षी रेघ पुन्हा तिथंच. लोकांना वाटायचं, पाखरं बी टाकतात. मला आणि गेणभाऊंना ठाऊक होतं. एका रात्रीचं म्हणून दिलेलं काम मी तिला जन्माचं करून ठेवलं होतं, आणि तेही मेल्यावर.

एकोणतीस वर्षं मी रात्रीची राखण केली. अंधार पडला की बिबट्याच्या भयानं आमच्याकडं तसंही कोणी बाहेर नसतं. मी दाराला कडी घालायची, उंबऱ्याशी दिवा ठेवायची, पडल्या पडल्या कान देऊन असायची. कधी काही आलं नाही.

आणि आता ही पोर म्हणते, की त्या बाया दुपारच्या चालतात.

चौथा-पाचवा दिवस असेल. जेवणं झाली होती. बाळासाहेब टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजारला गेलेला. श्रेया मधल्या खोलीत कलंडली होती. ऊन असं पडलं होतं की कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. बाहेर बांधावर मोहरीच्या वाळल्या शेंगा तडकत होत्या, टक्... टक्... तो आवाज मला दरसालचा. पण त्यातच एक दुसरा आवाज येऊ लागला. बारीक. घरातला. टिण्... मंग बराच वेळ काही नाही. मंग पुन्हा, टिण्...

उंदीर असेल म्हणून मी फडताळ उघडलं. मापटं सुलटं होतं. तळाला बोटाच्या पेराएवढी मोहरी होती.

मी कोणाला काही बोलले नाही. मोहरी तशीच राहू दिली. हात लावायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन माथ्यावर आलं आणि पुन्हा सुरू झालं. टिण्... टिण्... दिवस मावळला की बंद. तिसऱ्या दिवशी मापटं निम्मं भरलं. त्या दिवशी घरात वास पण यायला लागला. बाळंतिणीच्या शेगडीचा, ओवा-शेपाच्या धुरीचा. आमच्याकडं एकोणतीस वर्षांत शेगडी पेटलेली नव्हती.

दिवेलागणीला श्रेया उठली. केस मोकळे, डोळ्यांत झोप. म्हणाली, "आज्जी, मघाशी केसांतून हात फिरवत होतीस ना... छान वाटलं. फक्त नखं काप गं."

मी अख्खी दुपार ओट्यावर होते. आणि माझी नखं? खुरपणीनं ती मुळापासून झिजलीत. पोटभर वाढायला कधी मिळालंच नाही त्यांना. मी हात पदराखाली घेतले आणि म्हणलं, "कापते."

गेणभाऊंना ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाले, "वयनी, नूतन पोरीला संगं न्यायला आलीय. आईवर जी घटका आली तीच लेकीवर येतीय... या खेपंला भाजून टाका. चूक नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच काठी टेकत दुकानातनं मोहरी आणून दिली.

मी काय करणार? आत एक जीव, त्याच्या पोटात आणखी एक. दिवस वर आला तशी चुलीवर तवा ठेवला आणि मोहरी भाजायला घेतली. मोहरी तडतडली, तिखट धूर घरभर झाला. खोकत खोकत श्रेया स्वयंपाकघराच्या दारात आली. तव्यात बघितलं, माझ्याकडं बघितलं. या पोरीचा अभ्यासच बघण्याचा. तिनं एवढंच विचारलं, "हे कुणासाठी, आज्जी?"

मी सगळं सांगितलं. तव्यावरची मोहरी जळत होती आणि मी सांगत होते. ती चौकटीला धरून उभी होती, एक हात पोटावर.

"म्हणजे तिनं मला बघितलंच नाही?"

"न्हाई."

"किती वेळा मागितलं तिनं?"

"दोनदा."

ती वळून मधल्या खोलीत गेली. मी तवा उतरवला, कोळसा झालेली मोहरी उकिरड्यावर नेऊन टाकली आणि तिच्या मागं गेले. ती त्या पाच बायांच्या समोर पाटावर बसली होती, पाठमोरी. मला तिच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी भिंतीकडं बघितलं. आणि पहिल्यांदाच मी त्या बायांकडं नीट बघितलं. त्यांच्या हातांकडं.

"श्रेया," मी म्हणलं, "ही अंगावर यायला बसली न्हाई गं."

"पुस्तकात तसंच लिहितात. भीती घालायला हात उचललेत म्हणून."

"पुस्तक लिवणाऱ्यानं कवा मव्हरी येचली नसंल. गुडघं टेकल्यात, बोटं आत वळल्यात... लई येचलं की हात असंच ऱ्हात्यात. सरळ व्हत न्हाईत."

ती उठली. कागदाजवळ गेली आणि आपला हात त्या चितारलेल्या हाताशेजारी धरला. बोटं तशीच आत वळवून बघितली. फडताळात टिण्... झालं. तिनंही ऐकलं. ती दचकली नाही.

"वर्षानुवर्षं मी हे हात मापतेय, आज्जी," ती म्हणाली. "आता तिचं काम पूर्ण कर."

त्या संध्याकाळी मी बाळासाहेबालाही सांगितलं. तो भाकरी अर्धी टाकून उठला आणि बाहेर जाऊन पिकअपच्या फळीवर बसला. सकाळी मला म्हणाला, "खुरपं कुठंय?"

श्रेयानं बसल्या बसल्या कणकेची फुलपाखरं केली. मी ती तव्यावर भाजली, मूठभर मका भाजला. आमची बांधावरची वाट जिथं गावच्या रस्त्याला मिळते तिथं पळसाच्या पानावर ते ठेवलं, वर चार झेंडू. गेणभाऊ ओट्यावरनं बघत होते. "कुठल्या मुलखातली रीत, आन् कुठं चाललीय," ते पुटपुटले. पण त्यांनी अडवलं नाही.

ऊन माथ्यावर आलं आणि आम्ही ओढ्यापासून सुरुवात केली. बाळासाहेब खुरप्यानं मोहरी उपटायचा आणि पोत्यात भरायचा. त्याच्या मागनं मी, गुडघ्यांवर. तडकून पडलेला एकेक दाणा वेचून सुपात. डोळ्याला दिसत नाही मला आताशा, बोटानं चाचपत होते. आणि बोलत होते. मोठ्यानं नाही. "नूतन, म्या येचते. तू चल. पोर बगायची ऱ्हायलीय तुजी. चल."

निम्मी वाट झाली असेल. बाळासाहेब थांबला.

"आई... फुडं काहीच न्हाई."

पुढं मोहरीची झाडं होती, पण शेंगा सगळ्या रिकाम्या. खाली दाणा नाही. मी मातीवर तळवा फिरवला, पदर फिरवला, एक दाणा नाही. नुसती स्वच्छ वाट. आणि धुळीत, जोडी-जोडीनं, दोन-दोन खळगे. गुडघे टेकले की पडतात तसे. मी मागं वळून बघितलं, माझ्या गुडघ्यांचे खळगे मागं होते. हे पुढचे माझे नव्हते. ते दाराकडं जात होते. आणि उंबऱ्यापाशी संपले होते.

कासराभर दिवस राहिला होता. श्रेया चौकटीला धरून उभी होती. तिच्या कपाळावर घाम होता. "आज्जी," ती म्हणाली, "सुरू झालं."

पिकअपमधनं आम्ही तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेली. वाटेत मी तिचा हात धरला होता. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं, पण तिचा दुसरा हात मुठीत काहीतरी धरल्यासारखा वळलेला होता, अर्धा उघडा, अर्धा मिटलेला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतनं मावळतीचं ऊन भिंतीवर आलं आणि पोर रडली. मला आत बोलावलं होतं. नर्सबाई तिला पुसायला न्यायला लागल्या. मी त्यांच्या आडवी झाले. एकोणतीस वर्षं ते वाक्य माझ्या घशात अडकलेलं होतं.

"आदी आईला दाखवा," मी म्हणलं. "न्हाऊ घालणं मागनं व्हईल."

त्यांनी पोरीला तशीच, माखलेली, श्रेयाच्या छातीवर ठेवली. श्रेयानं तिला बघितलं. मंग तिनं पोरीला दोन्ही हातांनी थोडी उचलून माझ्या डाव्या बाजूला धरली, जिथं कोणी उभं नव्हतं, आणि थांबली. भिंतीवरचं ऊन विझेपर्यंत.

पोर आणि आई दोघी सुखरूप आहेत. श्रेयाचं लिखाण पूर्ण झालं, मोठ्या लोकांनी ते वाचलं, तिच्या नावामागं आता डॉक्टर लागतं. त्या हातांवर तिनं एक पान लिहिलंय आणि त्यात आज्जीचं म्हणणं म्हणून माझं नाव घातलंय; मला वाचता येत नाही, पण कुठं आहे ते बोटानं दाखवता येतं. मापटं भरलं होतं, काठोकाठ. त्यातली मोहरी आणि माझ्या सुपातली मोहरी मी एकत्र करून ओढ्याला सोडली. यंदा दिवाळी झाली तरी बांधावर रेघ उठली नाही. बाळासाहेबानं तिथं झेंडू लावलाय. जसं नूतनचं वेचणं सरलं, तसं ज्याचं त्याचं सरो, एवढंच देवाला मागणं.

फक्त एक सांगायचं राहिलं. पाचवीच्या दिवशीची गोष्ट. दुपारी पोर मधल्या खोलीत निजली होती, श्रेया न्हाणीत, मी ओट्यावर. माघारी येऊन बघितलं तर पोरीच्या गालावर तीट. काळी, गोल, जिथं असावी तिथंच. श्रेयानं लावली नव्हती, मीही नाही. आमच्या घरात तेव्हा काजळाची डबीसुद्धा नव्हती. मी वाकून वास घेतला. जळल्या मोहरीचा वास होता, त्या दिवशी मी उकिरड्यावर फेकलेल्या.

तेव्हापासून रोज असते. सकाळी धुऊन काढावी, तिसऱ्या प्रहरी पुन्हा. तिच्याशेजारी कातडीवर एक ओरखडा असतो, केसाएवढा बारीक. रक्त कधी आलेलं नाही. गेणभाऊ म्हणतात, दाराला कडी घाला, वयनी, अजून सांगतो. रात्री मी घालते. दुपारी दार नुसतं लोटून ठेवते.